प्रकरण ७ : भरायचं की भांडायचं?

"चलान आलंय. भरून टाकू, की भांडू?"

हा प्रश्न आपण वकिलाला क्वचितच विचारतो. विचारतो तो शेजाऱ्याला, ऑफिसातल्या मित्राला, नाहीतर चहाच्या टपरीवर. उत्तरंही ठरलेली असतात. एक जण म्हणतो, "भर रे बाबा, पाचशे रुपड्यांसाठी कोण कोर्टाच्या पायऱ्या चढणार?" दुसरा म्हणतो, "अजिबात भरू नकोस, काही होत नाही." गंमत अशी, की दोघांनीही तुमचं चलान पाहिलेलं नसतं.

आपण या प्रकरणात आधी चलान वाचू आणि मग ठरवू. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. तीन प्रश्न, थोडी बेरीज-वजाबाकी आणि रागावर थोडा ताबा, एवढं पुरतं.

१. एका घरात तीन चलानं

भोपाळचा जवाहर चौक तात्या टोपे नगरात आहे, म्हणजे गावाच्या भाषेत टी. टी. नगरात. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि राजधानी भोपाळला आली. तेव्हा नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांमधली कितीतरी मराठी माणसं बाडबिस्तरा बांधून इथं आली आणि सरकारी क्वार्टरांत राहू लागली. त्यातल्या बऱ्याच क्वार्टरांच्या जागी आता स्मार्ट सिटी उभी राहते आहे. मेट्रोच्या ब्लू लाइनच्या आराखड्यात डेपो चौराहा आणि रोशनपुरा यांच्या मधे 'जवाहर चौक' हे स्थानक आहे. शहरातल्या मोठ्या चौकांत कॅमेरे आले आहेत. पूर्वी शिट्टी वाजायची आणि माणूस थांबायचा. आता मोबाइल वाजतो आणि माणूस घरात बसल्या बसल्या दचकतो.

समजा, जवाहर चौकाजवळच्या एका मराठी घरात एकाच आठवड्यात तीन चलानं आली. पहिलं आजोबांच्या स्कूटरचं, हेल्मेट नसल्याबद्दल. दुसरं सुनेच्या स्कूटरचं, ती कधी गेलीच नाही अशा रस्त्यावर सिग्नल तोडल्याबद्दल. तिसरं मुलाच्या कारचं, लाल दिवा ओलांडल्याबद्दल. पण त्या दिवशी गाडी चालवत होता नागपूरहून आलेला भाचा. तो म्हणतो, "मामा, शपथ सांगतो, पिवळा होता."

आजोबा तावातावानं म्हणाले, "तिन्ही कोर्टात नेतो!" सून म्हणाली, "बाबा, मला सुट्टी नाही, तिन्ही भरून टाकू." दोघंही एकाच चुकीत सापडले आहेत. तीन वेगळ्या दुखण्यांना ते एकच औषध द्यायला निघालेत.

२. चलान म्हणजे नेमकं काय?

समजा, तुमच्या शेजारच्या काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलाच्या चेंडूनं आमची काच फुटली. तीनशे रुपये द्या, विषय संपला. नाहीतर सोसायटीच्या मीटिंगला या."

काकूंचं म्हणणं हा आरोप आहे. तीनशे रुपये हा मिटवण्याचा प्रस्ताव आहे. निकाल अजून कुणीच दिलेला नाही; तो द्यायचाच झाला तर मीटिंगमध्ये होईल. किरकोळ वाहतूक गुन्ह्याचं चलान असंच असतं. आपण ज्याला सरसकट 'दंड' म्हणतो ते बहुतेक वेळा तडजोड शुल्क असतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० नुसार राज्य सरकार काही गुन्ह्यांसाठी ते ठरवतं आणि नेमलेला अधिकारी ते घेऊन प्रकरण मिटवतो. एकदा मिटलं, की त्या गुन्ह्यासाठी तुमच्यावर पुढे खटला चालत नाही.

ही काच फुटण्याची गोष्ट डोक्यात ठेवा. तिच्यातून आणखी तीन गोष्टी आपोआप कळतात.

पहिली : मीटिंगला गेलात तर 'चेंडू तुमच्याच मुलाचा होता' हे काकूंना दाखवावं लागेल. कोर्टातही गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी बाजूवर असते.

दुसरी : मीटिंगवर तीनशेचं बंधन नाही. 'पूर्ण काचेची किंमत द्या' असंही ठरू शकतं. संसदेनं २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून १ सप्टेंबरपासून दंडाचे आकडे बरेच वाढवले. मध्य प्रदेशानं ते तेव्हा लगेच लागू केले नाहीत. गुजरातनं त्याच महिन्यात हेल्मेट नसल्याबद्दलचे १,००० रुपये ५०० वर आणले. मात्र ही उतरलेली रक्कम तडजोडीची असते. प्रकरण कोर्टात गेलं, की मोजपट्टी मूळ कायद्याची लागते. तिथं हेल्मेटचा आकडा १,००० च आहे.

तिसरी : तीनशे रुपये देऊन विषय मिटला, तरी पुढच्या वेळी काकू म्हणतीलच, "मागेही फोडली होती." २०१९ च्या दुरुस्तीनं हेच कायद्यात लिहिलं. तडजोड केलेला गुन्हासुद्धा पुढच्या खेपेला 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो. कलम १७७ हे ज्यांना वेगळी शिक्षा ठरवलेली नाही अशा किरकोळ चुकांचं कलम. त्यात पहिल्या वेळी दंड ५०० पर्यंत आणि त्यानंतरच्या वेळी १,५०० पर्यंत आहे. म्हणजे आज न केलेल्या चुकीचे ५०० भरले, तर उद्याच्या खऱ्या चुकीचा भाव तिप्पट होऊ शकतो.

३. आधी कागद वाचा

वीजबिल दुप्पट आलं, तर आपण पहिल्यांदा मीटर क्रमांक आणि रीडिंग पाहतो. चलानाच्या बाबतीत मात्र बहुतेकांची नजर थेट रकमेवर जाते. ती शेवटी पाहा. आधी या पाच गोष्टी पाहा :

गाडी माझीच आहे का? क्रमांक, रंग, प्रकार. कॅमेऱ्याचा संगणक क्रमांक 'वाचतो', आणि वाचणारा चुकू शकतो. मळलेल्या पाटीवर ८ चा ३ दिसतो. एखाद्यानं तुमचाच क्रमांक आपल्या गाडीवर लावलेला असणंही शक्य आहे.

वेळ आणि ठिकाण. त्या वेळी गाडी कुठं होती?

कोणतं कलम? हे फार महत्त्वाचं आहे. पांढऱ्या रेघेच्या पुढं जाऊन थांबणं वेगळं आणि लाल दिवा तोडणं वेगळं. २०१९ पासून लाल दिवा तोडणं हे कलम १८४ च्या धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जाऊ शकतं. त्याची पहिल्या गुन्ह्याची शिक्षा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही अशी आहे. फोटोत तुमचं पुढचं चाक फक्त रेघेवर असेल आणि चलानावर 'लाल दिवा तोडला' असं लिहिलं असेल, तर तक्रारीला जागा आहे.

पुरावा जोडला आहे का? कॅमेऱ्यानं पाठवलेल्या चलानांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. त्यानुसार सूचनेसोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्रानं घेतलेलं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, मोडलेली तरतूद आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. 'पुढे कॅमेरा आहे' असा इशारा देणारा फलकही आधी लावायचा असतो.

सूचना कधी निघाली? याच नियमात गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत सूचना पाठवायची मुदत आहे.

हे सगळं पाहायला दहा मिनिटं लागतात. मग आपले तीन प्रश्न.

४. पहिला प्रश्न : मी खरंच चुकलो का?

हा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे, दार लावून. इथं कुणी साक्षीदार नाही.

'पिवळा होता' हे वाक्य घेऊ. ते बोलणारे बहुतेक जण खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटत असतं. तपासायला साधा हिशेब पुरतो. समजा, पिवळा दिवा तीन सेकंद राहतो.

ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. पिवळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो; तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे जाते. मग बेताचा ब्रेक लावला तर थांबायला सुमारे १७ मीटर लागतात. एकूण २७. उलट न थांबता गेलात, तर तीन सेकंदांत ३० मीटर कापता. म्हणजे रेघ २७ मीटरांपेक्षा लांब असेल तर थांबता येतं, जवळ असेल तर लाल होण्याआधी ती ओलांडता येते. कुठंही असलात तरी एक बरोबर उत्तर हातात आहे.

आता वेग ताशी ५४ करा, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पहिल्या सेकंदात १५ मीटर गेले. ब्रेकला लागतात साधारण ३८, कारण वेग दीडपट झाला तर थांबायचं अंतर सव्वादोनपट होतं. एकूण ५३. आणि तीन सेकंदांत कापता येतात ४५. म्हणजे रेघेपासून ४५ ते ५३ मीटरांच्या पट्ट्यात असाल तर थांबताही येत नाही आणि वेळेत निघताही येत नाही. दोन्ही उत्तरं चुकलेली.

त्या पट्ट्यातला चालक प्रामाणिकपणे म्हणेल, "पिवळा होता आणि मला थांबणं शक्यच नव्हतं." खरं आहे. पण त्याची चूक पिवळ्यात झालेली नसते. ती चौकाच्या शंभर मीटर आधी ॲक्सिलरेटरवर झालेली असते.

उत्तर 'हो, चुकलो' असं आलं आणि रक्कम किरकोळ असेल, तर बहुतेक वेळा इथंच थांबून पैसे भरावेत. 'नाही' किंवा 'नक्की सांगता येत नाही' असं आलं, तर पुढे चला.

५. दुसरा प्रश्न : सिद्ध काय होतं?

आपल्याला खात्री असणं आणि दुसऱ्याला पटवता येणं यात अंतर असतं. हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची एक गोष्ट. दिमित्री क्रियुकोव्ह हे सॅन दिएगोच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ. 'थांबा' पाटीपाशी ते थांबले नाहीत असं पोलिसाचं म्हणणं होतं आणि दंड होता ४०० डॉलर. त्यांनी थेट गणित मांडलं, कोर्टात बाजू जिंकली आणि २०१२ मध्ये तो युक्तिवाद शोधनिबंधाच्या रूपात प्रसिद्धही केला.

गणिताचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. फलाटावर उभं राहून न थांबणारी एक्स्प्रेस पाहा. लांब असते तेव्हा ती रांगत येतेय असं वाटतं. समोरून जाते तेव्हा धडधडत सुटते. पुढे गेली की पुन्हा मंदावते. तिचा वेग तोच असतो, बदलतो तो आपल्या मानेच्या वळण्याचा वेग. पोलीस रस्त्याच्या कडेला असाच उभा होता. क्रियुकोव्ह म्हणाले, "मी जोरात ब्रेक लावून क्षणभर थांबलो आणि लगेच निघालो. नेमक्या त्या क्षणी मधून दुसरी गाडी गेली आणि माझं थांबणं झाकलं गेलं. तेवढा क्षण वगळला, तर थांबून गेलेली गाडी आणि न थांबता गेलेली गाडी कडेवरून जवळपास सारखीच दिसते." पोलीस खोटं बोलतोय असं त्यांनी म्हटलं नाही. त्याला जे दिसलं त्यावरून थांबलो की नाही हे ठरत नाही, एवढंच दाखवलं.

आपल्या कायद्यानंही डोळ्यांची ही मर्यादा ओळखली आहे. वेगमर्यादेच्या कलम १८३ मध्ये म्हटलंय, की एकाच साक्षीदाराच्या 'मला वाटतं वेग जास्त होता' एवढ्या मतावर कुणाला दोषी धरता येणार नाही. ते मत यंत्रानं केलेल्या मोजणीवर आधारलेलं हवं. कलम २०९ आणखी एक अट घालतं. जास्त वेग किंवा धोकादायक चालवणं या गुन्ह्यांत दोषी ठरवायचं असेल, तर त्याच वेळी तशी ताकीद दिलेली हवी, किंवा १४ दिवसांत नोटीस पाठवलेली हवी, किंवा २८ दिवसांत समन्स पोहोचलेलं हवं. याला काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ चालकाचं नाव-पत्ता वेळेत कळूच शकलं नाही तर. पण तारखा तपासायला काही पैसे पडत नाहीत.

आता आपली बाजू. 'मी असं करणारच नाही' हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे त्या वेळचा फास्टॅगचा मेसेज, ऑफिसच्या हजेरीची नोंद, पार्किंगची पावती, गॅरेजचं बिल, डॅशकॅमचं चित्रण, 'नो पार्किंग'चा फलक झाडाआड गेलेला दाखवणारा त्याच दिवशी काढलेला फोटो. यातला एक जरी कागद हातात असेल, तर तुमची बाजू उभी राहते. काहीच नसेल आणि समोरचा फोटो लख्ख असेल, तर तुमची खात्री कितीही पक्की असली तरी ती घरीच ठेवावी लागते.

६. तिसरा प्रश्न : कितीला पडेल?

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, तडजोड शुल्क ५०० आहे आणि कोर्टात हरलात तर १,००० लागतील. जिंकायची शक्यता दहात सात. कोर्टाच्या दोन फेऱ्या होतील असं धरू.

रोज ८०० कमावणारा माणूस : दोन दिवसांची बुडालेली कमाई १,६००, जाण्यायेण्याचे २००. दहात तीन वेळा हरण्याचा वाटा म्हणून ३००. एकूण २,१०० विरुद्ध ५००. भांडणं चौपट महाग.

निवृत्त माणूस : कमाई बुडत नाही. जाण्यायेण्याचे २०० आणि हरण्याचे ३००. एकूण ५०० विरुद्ध ५००. बरोबरी. तत्त्वासाठी लढायचं असेल तर खुशाल लढा.

आता समजा, गुन्ह्याच्या शिक्षेत लायसन्सचाही संबंध आहे. हेल्मेट नसणं किंवा दुचाकीवर तिघं बसणं यात कायद्यात १,००० दंडासोबत तीन महिने लायसन्सला अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. दुचाकीवरून घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणासाठी तीन महिने म्हणजे कामाचे सुमारे ७५ दिवस. दिवसाला ८०० धरले तरी ६०,००० रुपये. तो खरोखर निर्दोष असेल आणि पुरावा असेल, तर त्याच्यासाठी कोर्टाच्या दोन फेऱ्या स्वस्त आहेत.

गाडी नागपूरची आणि चलान भोपाळचं असेल, तर खटला साधारणपणे जिथं गुन्हा घडला तिथं चालतो. रेल्वेचं तिकीटही हिशेबात धरा. आणि हो, रात्री लागणाऱ्या झोपेची किंमत प्रत्येकानं आपापली लावावी.

७. भांडायचं ठरलं तर कसं?

पायरी पहिली, रस्त्यावर. आवाज चढवू नका आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. गणवेशातल्या पोलिसानं मागितली तर कागदपत्रं दाखवावीच लागतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली चालतात. आरोप मान्य नसेल तर तिथं पैसे भरू नका, कारण भरणं म्हणजे मिटवणं. भोपाळच्या बोलीत शांतपणे म्हणा, "साहब, कोर्ट का चालान बना दीजिए." लायसन्स जप्त झालं तर पोचपावती मागा, लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, गाडी चालवायला ती चालते. निघण्याआधी सिग्नल, रेघ आणि फलक यांचे फोटो काढा. रस्त्याचं काम चाललेलं असलं तर फलक उद्या तिथं नसेलही.

पायरी दुसरी, घरबसल्या. ई-चलानाच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तिथं गोष्ट लिहू नका, मुद्दा लिहा. "मी वीस वर्षं गाडी चालवतो, आजवर कधी..." हे वगळा. "चलानातलं वाहन काळी मोटरसायकल आहे, या क्रमांकाचं माझं वाहन पांढरी स्कूटर आहे, आरसी आणि फोटो जोडले आहेत." एवढं पुरे. तक्रार क्रमांक जपून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यामुळे पुरावा असेल तेव्हा ही पायरी कधीच सोडू नये. गाडी दुसरा कुणी चालवत असेल, तर पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणं हे कलम १३३ नुसार मालकाचं कर्तव्य आहे.

पायरी तिसरी, कोर्ट. अनेक राज्यांत आता वाहतुकीची चलानं आधी आभासी न्यायालयात जातात. महाराष्ट्रातलं असं पहिलं न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० ला नागपुरात सुरू झालं; उद्घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे होते, तेही नागपूरचेच. तिथं मोबाइलवर रक्कम कळते. भरली की प्रकरण बंद. 'मान्य नाही' हा पर्याय निवडला, तर ते नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. जुन्या कायद्याची एक खूण मात्र अजून शिल्लक आहे : कलम २०८ मध्ये समन्स आल्यावर मनीऑर्डरनं दंड पाठवून, मनीऑर्डरच्या कूपनवरच गुन्हा कबूल करण्याची सोय लिहिलेली आहे. कोर्टाच्या फेऱ्या वाचवाव्यात ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे.

कोर्टात स्वतः उभं राहता येतं. वकील हवा आणि परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळू शकते. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

पायरी चौथी, लोक अदालत. राष्ट्रीय लोक अदालत साधारण वर्षातून चार वेळा भरते आणि तिथं तडजोडीची प्रकरणं एका दिवसात मिटतात. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथं रक्कम कमी होऊ शकते, पण तो तुमचा हक्क नाही. आणि लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. 'मी चुकलो, पण रक्कम जड आहे' असं म्हणणाऱ्यासाठी ती चांगली जागा आहे. 'मी चुकलोच नाही' असं म्हणणाऱ्यानं तिथं जाऊ नये. ते मिटवायचं ठिकाण आहे, सिद्ध करायचं नव्हे.

८. तिसरा मार्ग : काहीच न करणं

टपरीवरचा दुसरा सल्ला आठवतो? "भरू नकोस, काही होत नाही." काही दिवस खरंच काही होत नाही. मग एक दिवस गाडी विकायला काढता, नाव बदलायचं असतं किंवा दुसऱ्या राज्यात न्यायची असते, आणि जुनी थकलेली चलानं एकेक करून पुढ्यात येतात. तोवर फोटो काढायचा फलक हललेला असतो, डॅशकॅममधलं चित्रण पुसलं गेलेलं असतं, 'त्या दिवशी मी कुठं होतो' हे आठवतही नसतं. भांडायची ताकद पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त असते. म्हणून भरा किंवा हरकत घ्या, पण चलानावर दिलेल्या मुदतीच्या आत.

एक सावधगिरी. हल्ली चलानाच्या नावाखाली खोटे मेसेजही येतात. त्यातल्या लिंकला बोट लावू नका आणि 'एपीके' फाइल उघडू तर नकाच. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, तो 'जीओव्ही डॉट इन'नं संपतो का पाहा आणि तिथं गाडीचा क्रमांक घालून चलान खरंच आहे का ते तपासा. जे चलानच नाही, त्यावर भरायचं की भांडायचं हा प्रश्नच येत नाही.

९. तिन्ही चलानांचा निकाल

आता जवाहर चौकाजवळच्या त्या घरात परत जाऊ.

आजोबांचा मुद्दा होता, "हेल्मेट डिकीत होतं!" फोटोत त्यांचं मोकळं डोकं लख्ख दिसतंय. पहिल्याच प्रश्नात निकाल लागला. वेळ त्यांच्याकडे भरपूर असला, तरी कोर्टात जाऊन तडजोडीच्या रकमेपेक्षा जास्त भरण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पैसे भरले आणि चलानात नसलेली एक चूकही सुधारली : मागं बसणाऱ्या आजींसाठीही हेल्मेट आणलं.

सुनेनं फोटो मोठा करून पाहिला. क्रमांक तिचाच, पण खाली गाडी मोटरसायकल होती. पाचशे रुपये भरून मोकळं होण्याचा तिचा विचार तिथंच बदलला. भरले असते तर ती दुसऱ्याची चूक तिच्या नावावर 'आधीचा गुन्हा' म्हणून बसली असती. शिवाय तोच क्रमांक लावून फिरणारी गाडी उद्या एखाद्या अपघातात सापडली, तर पोलीस तिच्याच दारात येणार होते. तिनं आरसी आणि स्कूटरचे फोटो जोडून हरकत नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही लेखी कळवलं. सुट्टी लागली नाही.

राहिला भाचा. चलानाला दोन फोटो होते. पहिल्यात दिवा लाल आणि गाडी रेघेच्या अलीकडे. दुसऱ्यात दिवा लालच आणि गाडी चौकाच्या मध्यावर. मामा काही बोलला नाही, त्यानं फक्त या प्रकरणातला पिवळ्याचा हिशेब लिहून कागद समोर सरकवला आणि विचारलं, "वेग किती होता?"

भाच्यानं कागद पाहिला. ४५ आणि ५३ या आकड्यांवर तो जरा वेळ थांबला. मग खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "मामा, चलान नंबर सांगा."